बारा पिक्चर, सहा आठवडे: कोकणातल्या पावसात सिनेमाचं चॅलेंज कसं पार पाडावं

पहिल्या वर्षी आम्ही ठरवलं होतं, तीस दिवसांत तीस पिक्चर. सातव्या पिक्चरला निम्मी मंडळी गळाली, नवव्याला मी आणि मुंबईचा मामेभाऊ असे दोघंच उरलो, आणि दहाव्याच्या रात्री वाडीच्या ट्रान्सफॉर्मरने राम म्हटला. दुसऱ्या वर्षी बारा ठरवले, ते बाराही झाले. मधल्या वर्षात आमच्यापैकी कोणी सिनेमाचा अभ्यास वगैरे केला नव्हता. फक्त वेळापत्रक, अटी आणि वायरी सुधारल्या होत्या.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एक विषय घ्यायचा, मुदत ठरवायची, काही अटी घालायच्या. प्रत्येक अटीत बसणारा एक सिनेमा सगळ्यांनी बघायचा आणि बघून झाल्यावर त्यावर बोलायचं. एवढंच.

मी मालवण तालुक्यातल्या एका वाडीत राहते. घराला कौलं आहेत आणि पडवीला पत्रा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्या पत्र्याचा बराच त्रास आहे.

१. आधी मुदत ठरवा, सिनेमे मागाहून

सगळे उलटं करतात. आधी भली मोठी यादी बनवतात आणि मग दिवस शोधत बसतात. कोकणात पावसाळ्याच्या रात्री कोणाच्या मोकळ्या आणि कधी, हे आधी बघायला हवं.

शेतीवाल्यांचा जून पेरणीत जातो आणि जुलै लावणीत. दिवसभर चिखलात वाकलेला माणूस रात्री नऊला जपानी सिनेमा बघणार नाही, तो घोरणार. मासेमारीवाल्यांचं नेमकं उलट. यांत्रिक नौकांना सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेव्हा ते घरी असतात, जाळी विणत आणि कंटाळत. ऑगस्ट लागला, नारळी पौर्णिमा आली की त्यांचं लक्ष पुन्हा दर्याकडे. चाकरमान्यांची तिसरीच तऱ्हा. ते मुंबईत, आणि गणपतीखेरीज सुट्टी नाही.

आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून गणेश चतुर्थीपासून मागे सात आठवडे मोजतो आणि तिथून सुरू करतो. चतुर्थीच्या आधीचा आठवडा पूर्ण मोकळा ठेवायचा. त्या दिवसांत घर सारवणं, माटवी (गणपतीवरची सजवलेली चौकट), सामान, मुंबईच्या गाड्या, यात कोणाला सिनेमा सुचत नाही. उरले सहा आठवडे, आठवड्याला दोन सिनेमे. चतुर्थी कधी ऑगस्टच्या शेवटी येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणून दर वर्षी नव्याने मोजा. चतुर्थी लवकर आली तर पहिले दोन आठवडे लावणीत सापडतात. तिथे दीड तासाच्या आतले सिनेमे टाका. लांबलचक काहीही श्रावणात, उपासाच्या दुसऱ्या दिवशी.

२. माणसं किती आणि कोणती

सात ते दहा. चारपाचच असले तर एक आजारी पडल्यावर मैफल बसते. पंधरा असले तर तारीखच जुळत नाही.

सगळे सिनेमावेडे घेऊ नका. आमच्यातला एक जण प्रत्येक दिग्दर्शकाचं सगळं पाहिलेला आहे. त्याच्यासारखे तिघं जमले असते तर बाकीचे घरी गेले असते. कधीच सिनेमा न बघणारं एक माणूस मुद्दाम घ्या. आमच्याकडे सासूबाई आहेत. त्यांना दशावताराखेरीज कशाचं कौतुक नाही, आणि पडद्यावर काय खोटं चाललंय ते त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

एकाला मुकादम करा. तारखेची आठवण करणं, सिनेमा आधी उतरवून ठेवणं, कोणी बघितला नाही त्याला टोचणं ही मुकादमाची कामं. हे काम आलटून पालटून करू म्हणाल तर कोणीच करणार नाही.

मुंबई-पुण्याची मंडळी त्याच रात्री आपापल्या घरी बघतात. एकाच वेळी प्ले दाबून सोबत बघण्याचा खटाटोप आम्ही दोनदा केला. इकडे रेंज गेली की तिकडचे वीस मिनिटं पुढे. रात्र एक, घरं वेगळी, हे पुरे.

३. यादी करू नका, खाने आखा

लेखातला सगळ्यात कामाचा भाग हा. सिनेमांची नावं ठरवली की भांडणं होतात. अटी ठरवल्या की शोधाशोध होते, आणि अर्धी मजा त्या शोधाशोधीत आहे. कागदावर बारा खाने आखा, प्रत्येकात एक अट लिहा आणि खाने वाटून द्या. ज्याचा खाना, त्याने सिनेमा सुचवायचा.

आमचा विषय होता ‘दर्या आणि पाऊस’. विषय असा हवा की तो घराबाहेर पडल्यावरही दिसावा. ‘अंतराळ’ हा विषय वाईट नाही, पण त्यावर बोलायला आमच्या वाडीत फारसं कोणी नाही.

आमच्या खान्यांपैकी काही:

पोट दर्यावर असलेल्या माणसांचा सिनेमा. इथे आम्ही मल्याळम ‘चेम्मीन’ घेतला. १९६५ सालचा, रामू करिआत यांचा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा दक्षिणेतला पहिला चित्रपट. त्यात मच्छीमारांची एक समजूत आहे, की किनाऱ्यावरची बायको नेकीने वागली तरच दर्यात गेलेला नवरा सुखरूप परततो. पिक्चर संपल्यावर बंदरावरच्या वहिनी म्हणाल्या, “घोव बुडलो तरी बायलेक बोल, आणि वाऱ्याक कोण काय बोलणा नाय.” (घोव म्हणजे नवरा.) त्यानंतर पाऊण तास कोणी उठलं नाही. हा खाना पहिल्या आठवड्यात ठेवा, बंदी असेपर्यंत. मच्छीमार घरी नसताना मच्छीमारांचा सिनेमा बघण्यात अर्थ नाही.

ज्या देशाचं पाणी आपण पाहिलं नाही तिथला दर्या. आम्ही लुकिनो विस्कोंती यांचा १९४८ सालचा ‘ला तेरा त्रेमा’ घेतला. सिसिलीतल्या एका गावचे मच्छीमार, आणि त्यांच्या भूमिका त्याच गावच्या लोकांनी केलेल्या. ते त्यांच्या बोलीत बोलतात, आणि ती बोली बाकीच्या इटलीलाच कळेना. मालवणी माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. व्यापारी भाव पाडतात, घर गहाण टाकून स्वतःचा धंदा उभा केला जातो, आणि वादळात होडी जाते. लिलावाचा प्रसंग आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “ही आमचीच गजाल गो.” (गजाल म्हणजे गोष्ट.) अडीच तासांहून मोठा आहे, म्हणून दोन रात्रींत बघा आणि त्याची लाज बाळगू नका.

कोकणाशी नातं असलेला सिनेमा. इथे निवड भरपूर. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान आजवर पाच मराठी चित्रपटांना मिळाला: ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. त्यातल्या तिघांचं नातं कोकणाशी आहे. ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. ‘श्वास’मधला आजोबा नातवाच्या डोळ्यांसाठी कोकणातल्या गावातून शहरात येतो. ‘कासव’ आपल्याच किनाऱ्यावर घडतो. आम्ही ‘कासव’ घेतला, कारण सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीच्या या सिनेमाने ‘दिग्दर्शनात बाईचा हात’ हा दुसरा खानाही भरत होता. एक सिनेमा दोन खान्यांत चालेल का, यावर आमच्यात मोठं भांडण झालं. निकाल: चालणार नाही. तुम्ही हा निकाल पहिल्याच दिवशी लावून टाका.

पाऊस हेच पात्र. अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’, १९५०, दीड तासाच्या आत. पडक्या वेशीखाली तीन माणसं पाऊस थांबायची वाट बघत बसलेली. तो पाऊस कॅमेऱ्यात नीट दिसेना म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती. हे ऐकल्यावर आमच्या पडवीतल्या प्रत्येकाने एकदा बाहेरच्या पावसाकडे बघून घेतलं.

आपल्या आजीच्या बालपणीचा सिनेमा. ‘संत तुकाराम’, १९३६, प्रभात फिल्म कंपनीचा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हा खाना आषाढी एकादशीच्या आसपास आला तर घरातली न बोलावलेली माणसंही येऊन बसतात.

मूकपट. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला. आज त्याचे थोडेच तुकडे उरलेत. तेवढ्यावर खाना भरला म्हणायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही भरला म्हटलं, कारण तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलंय हे कळल्यावर सासूबाई प्रथमच सरसावून बसल्या. दशावतारात राणी पुरुषच होतो. त्यांच्या दृष्टीने फाळके एकदम घरचे झाले.

बाकीचे खाने तुमचे तुम्ही काढा: लहान मुलांच्या नजरेतून, वडीलधाऱ्यांनी सुचवलेला, पूर्वी अर्धवट सोडलेला, वगैरे. एक खाना ‘कोणताही’ म्हणून रिकामा ठेवा. दहाव्या सिनेमानंतर सगळ्यांना काहीतरी हलकंफुलकं हवं असतं.

४. सिनेमा मिळवणं

ज्याने सुचवला त्याने तो कुठे बघायला मिळतो हे आधी शोधून मगच नाव जाहीर करायचं. नाहीतर गट आठवडाभर ‘मिळाला का?’ एवढंच विचारत राहतो. ओटीटीवर आज असलेला सिनेमा महिनाभराने असेलच असं नाही. म्हणून सहाही आठवड्यांची खात्री एकदम करून ठेवू नका, दर आठवड्याला पुढच्या दोनांची करा.

पाऊस धरला की आमच्याकडे रेंज जाते ती जातेच. सिनेमा आदल्या दिवशी, बाजारात गेल्यावर, फोनवर उतरवून ठेवा. इथे एक खड्डा आहे. काही सिनेमे उतरवून ठेवता येतात, पण एकदा सुरू केले की ४८ तासांत संपवावे लागतात. ‘चालतोय का बघू’ म्हणून पाच मिनिटं लावून बघितलात तर घड्याळ सुरू झालं. दुसरा खड्डा: काही ॲपमधून उतरवलेला सिनेमा फोनवर चालतो पण केबलने टीव्हीला जोडला की पडदा काळा. हे पाहुणे बसल्यावर नाही, आदल्या दिवशी तपासायचं.

चोरीच्या लिंका कोणीतरी गटात टाकतोच. मुकादमाने त्या तिथल्या तिथे काढून टाकाव्यात. तत्त्वाची गोष्ट बाजूला ठेवली तरी अशा एका फाइलने आमच्या एका मेंबरचा लॅपटॉप आठवडाभर दुकानात पडला होता. फार जुन्या सिनेमांची चिंता कमी. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे मूकपट आणि प्रभातच्या काळातले सिनेमे उघडपणे सापडतात. प्रत मात्र जरा चाळून घ्या. काहींचा आवाज विहिरीतून येतो.

५. काय काय लागतं

टीव्ही पुरतो. आठ माणसांसाठी प्रोजेक्टर हवाच असं नाही. आम्ही हौसेने आणला, तो भाग पुढे येईल.

जवळ असू द्या:

- लांब एचडीएमआय केबल आणि फोनसाठी जोडणी
- बाहेरचा स्पीकर, चार्जिंगवर चालणारा
- इन्व्हर्टर, किंवा निदान भरलेली पॉवर बँक आणि एका फोनवर उतरवलेला तोच सिनेमा
- बॅटरी, मेणबत्ती, काडेपेटी
- सबटायटलची फाइल वेगळी
- जाड पुठ्ठ्याची वही
- मच्छर अगरबत्ती
- वाटपाचं काहीतरी. आमच्याकडे उकडलेल्या आठळ्या (फणसाच्या बिया) आणि मीठ. कुरकुरीत काहीही आणू नका, पिशव्यांच्या आवाजात संवाद जातात.

सबटायटलबद्दल थोडं. परभाषेतल्या सिनेमांना बहुतेक वेळा इंग्रजीच सबटायटल मिळतात, आणि घरातल्या निम्म्या माणसांना ती वाचता येत नाहीत किंवा तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत. आम्ही श्रावणातल्या पोथीची पद्धत उचलली. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार. वाचकाने प्रत्येक ओळ वाचू नये, अर्थ सांगावा. पहिल्या रात्री अवघड वाटतं, तिसऱ्या रात्री वाचकाचा आवाज ऐकू येईनासा होतो आणि माणसं पडद्यावरचीच बोलतायत असं वाटायला लागतं.

६. पत्रा, किडे आणि लाइट

पत्र्यावर जोराचा पाऊस पडत असताना कितीही मोठा स्पीकर लावा, संवाद ऐकू येत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही आवाज वाढवत गेलो आणि शेवटी स्पीकर फाटला. आता आम्ही हवामानाचा अंदाज बघून क्रम बदलतो. मुसळधार रात्रीसाठी मूकपट राखून ठेवायचा. तसंच ज्या सिनेमात बोलणं कमी आहे, किंवा जो नाहीतरी वाचक वाचूनच दाखवणार आहे, तो. मराठी गप्पिष्ट सिनेमा उघडिपीच्या रात्री. म्हणून खान्यांना तारखा पक्क्या करू नका. फक्त आठवडा पक्का करा.

किडे: पावसाळ्यात पडदा उजळला की पंखवाल्या वाळव्या झुंडीने येतात. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, पडद्यापासून लांब, एक प्रखर पांढरा बल्ब लावून ठेवा आणि त्याखाली पाण्याचं घमेलं. पडद्यावरची झुंड तिकडे वळते. माजघरात बसणार असाल तर दारं लावा आणि उकाडा सोसा.

वीज चमकायला लागली की थांबायचं. प्लग काढायचा, केबल काढायची, डिशची वायरसुद्धा. ‘शेवटची दहाच मिनिटं राहिलीत’ असं कोणीतरी म्हणतंच. त्या दहा मिनिटांसाठी एका घरचा टीव्ही गेलेला मी पाहिलाय. उरलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी.

लाइट गेला आणि अर्ध्या तासात आला नाही तर फोनवर बघण्याची जिद्द धरू नका. तोवर पाहिलेल्यावर बोला. पुढे काय होईल याचे अंदाज बांधून वहीत लिहा. आमच्या सगळ्यात रंगलेल्या रात्रींपैकी दोन अशाच अंधारातल्या आहेत.

७. गुणांचा मोह

पहिल्या वर्षी आम्ही सिनेमाला गुण ठेवले होते, जास्त बघेल तो पुढे. मामेभावाने लोकलमध्ये दुप्पट वेगाने तीन सिनेमे उरकले आणि पहिला आला. त्याला विचारलं, नायिकेच्या घरात काय होतं? सांगता येईना. सासूबाईंनी अर्धाच बघितला होता, आणि त्यांना चुलीवरचं भांडं आठवत होतं.

आता गुण नाहीत. खाना भरला असं मानण्यासाठी एकच अट: सिनेमातली एक वस्तू किंवा एक हालचाल सांगायची, जी दुसऱ्या कोणी सांगितलेली नाही. ‘छान होता’, ‘बोअर झाला’ हे चालत नाही. लांबच्यांनी दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवायचा. लिहून मागितलंत तर ऑफिसवाले टाळतात, बोलायला मात्र तयार असतात.

शेवट फोडणाऱ्याला दंड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गटात शेवटाबद्दल एक अक्षर नाही. आमच्याकडे दंड म्हणून पुढच्या वेळचं खाणं आणावं लागतं. एक काका मुद्दाम फोडतात, कारण काकूंच्या हातचे घावणे सगळ्यांना खायला घालायचे असतात. त्यांचं काय करायचं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

मुलं बसणार असतील तर प्रमाणपत्र बघा. पूर्वी नुसतं यूए असायचं, आता त्यात ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आहेत. जुन्या आणि परदेशी सिनेमांचा त्यावरून अंदाज येत नाही. तिथे ज्याने सुचवला त्याने आधी एकट्याने बघावा.

८. पडवीतून देवळात नेऊ नका (निदान पहिल्या वर्षी)

चौथ्या आठवड्यात कोणाला तरी उत्साह येतो: देवळाच्या सभामंडपात लावू, सगळी वाडी येईल. घरच्या माणसांनी घरात बघणं वेगळं आणि गावासमोर दाखवणं वेगळं. ओटीटीची वर्गणी घरच्या वापरासाठी असते. चारचौघांत दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. लाउडस्पीकर लावायला पोलिसांची परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर उघड्यावर तो वाजवता येत नाही. शिवाय देवस्थानच्या मानकऱ्यांना विचारावं लागतं, आणि माझ्या अनुभवात हे तिन्हींतलं सगळ्यात वेळखाऊ काम आहे.

९. आवराआवर

वहीत प्रत्येक सिनेमाला एक पान. तारीख, कोण होतं, पाऊस किती, लाइट गेला का, आणि प्रत्येकाची ती एक वस्तू. दर्जा, तारे, गुण काही नको. गणपतीत चाकरमानी आले की हीच वही हातोहात फिरते, आणि बघितलेले न बघितलेले सगळे त्यावर भांडतात. पुढच्या वर्षीच्या विषयाच्या चिठ्ठ्या तेव्हाच घ्या, माणसं एकत्र असताना. फोनवर विषय ठरत नाही.

राहिला प्रोजेक्टर. पावसाळी हवेत लेन्सवर बुरशी धरते, म्हणून काम झालं की तो पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलावा शोषतो म्हणून कोणी तांदळाच्या पिंपात ठेवायला सांगेल. आम्ही ठेवला होता. त्याच्या जाळीतून कोंडा आत गेला, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या सिनेमात दर्यावर अर्धा तास तांदूळ तरंगत होते.